जालिंदर बोरुडेच्या अकरा सूचना

ज्या माणसाने अख्ख्या राज्याला रांगेत उभं राहायला शिकवलं, त्याचाच नंबर एके दिवशी रांगेत पहिला लागला.

जानेवारीतली सकाळ होती. संगमनेरच्या 'बोरुडे लाँड्री'त काउंटरवर बसून जालिंदर एका वकिलाच्या काळ्या कोटावरचा डाग निरखत होता. मोबाइलवर क्रममंडळाचा निरोप आला. असे निरोप राज्यात रोज शेकडो लोकांना जायचे आणि ते जायचे ते जालिंदरमुळेच, त्यामुळे त्याने तो सावकाश उघडला. 'स्वादुपिंड. धोका चौऱ्याण्णव. तपासणीसाठी ताबडतोब या.' खालचा क्रमांक त्याचा स्वतःचा होता.

"कांचन," त्याने आत हाक मारली. आवाज असा काही निघाला, की आतल्या वाफेच्या इस्त्रीचा फुसकारा थांबला आणि बायको पदराला हात पुसत धावत बाहेर आली.

आता हे क्रममंडळ म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बोरुडे पिढीजात परीट. जालिंदरचे वडील बिब्ब्याच्या तेलाने कपड्यांवर खुणा करायचे त्या काळापासूनचा हा धंदा. म्हातारा मोठा तिखट नाकाचा. गाठोडं सोडलं की म्हणायचा, "पाटणकर मास्तरांच्या बंड्यांना गोडसर वास यायला लागलाय. साखर झालीय त्यांना." आणि सहा महिन्यांनी मास्तरांना डॉक्टर तेच सांगायचे. लहानपणीच जालिंदरच्या डोक्यात हा किडा शिरला. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं असतं, पण त्याचे कपडे तर दर आठवड्याला लाँड्रीत येतात!

पुढे त्याची आई आजारी पडली. मोठ्या दवाखान्यात तिचा नंबर पहिला असताना खाट मिळाली एका पुढाऱ्याच्या मेहुण्याला. आई व्हरांड्यातच वारली. त्या दिवसापासून हा माणूस पेटला. त्याने सोळा पानांची पुस्तिका छापून घेतली, 'आरोग्यव्यवस्था सुधारण्यासाठी अकरा सूचना', आणि इस्त्रीच्या प्रत्येक गठ्ठ्यात एकेक प्रत सरकवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं हसायची. "जालिंदरशेठ, शर्टाला इस्त्री करा, सरकारला नको," असं म्हणायची. जालिंदरही हसायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रत सरकवायचा. कुणाच्याही खनपटीला बसायची त्याला लाज नव्हती.

त्यातली एक प्रत गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रभुणे सरांच्या हाती लागली. ते हसले नाहीत. माणसाच्या घामात पाणी आणि मीठ असतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात वाफ होऊन उडणारी शेकडो बारीक रसायनंही असतात. शरीरातल्या पेशी जे काही जाळतात त्याचा धूरच म्हणा ना. आजार लागला की पेशींचं जाळणं बदलतं आणि हा धूरही बदलतो, दुखायला लागायच्या कितीतरी महिने आधी. हवेत तो विरून जातो, सुती कापड मात्र त्याला धरून ठेवतं. प्रभुणे सरांनी एक पेटी बनवली. तिच्यात दोन हजार पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर निराळा लेप आणि प्रत्येक लेप एकेका रसायनाला पकडणारा. न धुतलेला कपडा खणात ठेवायचा, चार मिनिटं थांबायचं, आकडा येतो. एका आकड्यावर मात्र विसंबायचं नाही. काल लसूण जास्त खाल्ला, उपास केला, ताप आला, तरी आकडा हलतो. म्हणून बारा आठवडे सलग कपडे तपासायचे आणि आकडा चढतोय की उतरतोय ते पाहायचं.

बाकीचं जालिंदरच्या पुस्तिकेत तयारच होतं. प्रत्येक माणसाच्या कपड्याला त्याच्या क्रमांकाचा दोरा शिवायचा. आठवड्याचे कपडे लाँड्रीत आले, की पेटीने त्यातला सगळ्यांत घामेजलेला कपडा निवडायचा. माणसाला विचारायचं नाही, कारण माणूस लपवतो. डॉक्टरच्या रिपोर्टावर नंबर बदलायचा नाही, कारण रिपोर्ट विकत मिळतात. सरकारी असो, खाजगी असो, सगळी ऑपरेशन थिएटरं एकाच रांगेत आणायची, म्हणजे पैसेवाला पुढे घुसणार नाही. दवाखान्यात नाव, गाव, आडनाव नाही, फक्त क्रमांक. आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून, आकडा आला की त्या घामाची बाकी सगळी माहिती पुसून टाकायची.

अकरावी सूचना त्याची सगळ्यांत लाडकी. धुलाईच्या मशीनमध्ये एका कपड्याचा रंग सुटला, की जाणता परीट आधी मशीन बंद करतो, कपडा मागाहून शोधतो. तसंच रांगेचं. चूक कळवली गेली, की त्या क्षणी राज्यभरातली रांग थांबली पाहिजे.

सरकारने योजना उचलली आणि रांग चालवायला क्रममंडळ नेमलं. शेजारच्या राज्यांनीही तीच रांग घेतली. सहा वर्षांत अशी माणसं वाचली, की ज्यांना आपण आजारी आहोत हेही माहीत नव्हतं. ती पेढे घेऊन लाँड्रीत यायची. जालिंदरला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, भाषणं करायची चटक लागली. एक वाक्य तो हमखास टाकायचा. "आकडेवारी बघा! बायकांमध्ये आजार पुरुषांच्या निम्मेसुद्धा सापडत नाहीत. आपल्या माताभगिनी आहेतच तशा काटक!" बायका सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायच्या.

तर असा हा जालिंदर, आणि आता त्याच्याच नावावर चौऱ्याण्णव.

कांचनने रडून घेतलं ते पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापासून ती कंबर कसून उभी राहिली. नाचणीची आंबील, खारकांचं दूध, दोन-दोन अंडी. सोमवार धरले, मंगळवार धरले. "तुम्ही बसा हो, दुकान मी बघते," म्हणत तिने वाफेची इस्त्री, सोड्याची टाकी, गिऱ्हाईक, सगळं अंगावर घेतलं. दोन महिन्यांत जालिंदरचं वजन चार किलोंनी वाढलं आणि तिचं उतरलं. शेजारीण म्हणाली, "नवऱ्याच्या काळजीनं बाई अर्धी झाली." जालिंदरला ते ऐकून वाईट वाटलं आणि खोटं कशाला बोला, आत कुठेतरी बरंही वाटलं. कांचन पाठ धरून खाली बसायची. त्याने विचारलं की म्हणायची, "उभं राहून भरते हो. मला काय धाड भरलीय?"

तपासण्यांत काहीच निघेना. स्कॅन स्वच्छ. तोंडातून नळी घातली, तीही स्वच्छ. मंडळाने कळवलं, की यंत्र डॉक्टरांच्या आधी पाहतं, धीर धरा. मार्चअखेर आकडा सत्त्याण्णव झाला आणि नाशिकच्या केंद्रातली तारीख आली. बावीस एप्रिल. पोट उघडून बघणार होते आणि सापडेल ते काढणार होते.

तेरा एप्रिलला दुपारी काउंटरवरचा पंखा बंद पडला म्हणून जालिंदर मागच्या खोलीत गेला. विश्रांतीच्या नावाखाली तो तिकडे आठवडेच्या आठवडे फिरकला नव्हता. कांचन इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. साडीवर त्याचा निळ्या चौकड्यांचा जुना फुलशर्ट घातलेला, बाह्या मनगटापर्यंत, पाठ घामाने चिंब. वीस वर्षं ती असाच शर्ट घालत आली होती. सोडा उडतो, वाफ लागते, साडी खराब होते, म्हणून वरून नवऱ्याचा जुना शर्ट. शेतातल्या बायाही तेच करतात. त्यात बघण्यासारखं काय होतं? त्याने आजवर कधी बघितलंच नव्हतं.

तिने शर्ट काढला आणि कोपऱ्यातल्या टोपलीत टाकला. कॉलरच्या आत त्याच्या क्रमांकाचा दोरा होता.

"हा शर्ट पेटीत जातो?" त्याने विचारलं.

"जातो की. दोरा तुमचा, शर्ट तुमचा. सोमवारी तुमच्या सगळ्या कपड्यांबरोबर जातो."

"आणि तुझं काय जातं?"

"साडी देते ना एक. मोरपिशी."

"ती नेसतेस केव्हा?"

कांचन ओशाळली. "देवळात जाताना, तासभर. असं काय विचारता? घामाचे कपडे कुणाच्या हातात द्यायचे? आपल्याच दुकानातली माणसं उघडून बघणार. बाईमाणसाला लाज असते की नाही? मी माझं घरीच धुते."

जालिंदरने तिच्या गळ्यातला घाम पुसायचा पंचा जवळजवळ ओढूनच घेतला आणि पेटीत ठेवला. ती चार मिनिटं त्याने कशी काढली ते त्याचं त्यालाच माहीत. आकडा आला, सत्त्याण्णव. मग अंगातला स्वतःचा बनियन काढून ठेवला. आठ.

"अगं, डोळे बघू तुझे."

"काय झालं?"

"डोळे दाखव म्हणतो ना!"

त्याने तिला दारातल्या उजेडात उभं केलं आणि पापण्या ओढल्या. पांढऱ्या भागावर फिकट हळदी रंग होता. आयुष्यभर कपड्यांवरचे डाग ओळखणाऱ्या माणसाला रोज समोर वावरणारा हा एक डाग दिसला नव्हता.

संध्याकाळपर्यंत गावातल्या स्कॅनचा रिपोर्ट हातात आला. साडेतीन सेंटिमीटरची गाठ. तिथले डॉक्टर म्हणाले, "मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या दिसतायत. आत्ता काढली तर निघेल. महिन्याभराने मी असं म्हणणार नाही." जालिंदरने तिचा रांगेतला नंबर काढला. धोका चार, क्रम त्रेसष्ट हजारांच्या पुढे. रिपोर्टाने नंबर बदलत नव्हता. पैसे मोजून थिएटर मिळत नव्हतं. पंच्याची एक नोंद तिच्या नावावर चढली आणि खाली ओळ आली, 'आणखी अकरा आठवड्यांचे कपडे आवश्यक.' जिथे जिथे दार असायला हवं होतं, तिथे तिथे त्याने स्वतःच्या हाताने भिंत बांधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाची व्हॅन काढून नाशिकला क्रममंडळात गेला. सहसंचालक गाडेकर मॅडमनी त्याला दोनदा शाल-नारळ दिला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून केबिनचं दार लावलं.

"पेटीला दोन माणसांचा घाम वेगळा ओळखता येत नाही?" जालिंदर कळवळून म्हणाला.

"येतो, बोरुडे. पण माहिती पुसायला तुम्हीच लावली. आता मागचं ताडून बघायला आमच्याकडे काही नाही."

"मग माझी तारीख तिला द्या! बावीस तारीख आहे. तेच टेबल, तेच डॉक्टर."

"नंबर दुसऱ्याला देता येत नाही. तेही तुमचंच."

"मॅडम, माझी बायको मरेल हो!" तो ओरडला आणि मग टेबलाची कड धरून खाली बसला.

मॅडमनी आवाज खाली आणला. "तुम्ही लेखी चूक कळवा, मी नोंदवते. नोंदवली की रांग थांबणार. साडेचार हजार लोकांच्या तारखा लागल्यात, त्या सगळ्या थांबतील. तुमची बावीस तारीखही. समिती बसेल. दोन महिने तरी." त्यांनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "किंवा तुम्ही आज इथे आलाच नाहीत. मी काही ऐकलं नाही."

परतीच्या रस्त्यावर सिन्नर ओलांडलं आणि एका वावरात त्याला कांदा काढणाऱ्या बाया दिसल्या. रणरणत्या उन्हात ओळीने वाकलेल्या. त्याने व्हॅन थांबवली आणि मोजल्या. सतरा बाया होत्या आणि सतराच्या सतरांच्या अंगात पुरुषांचे फुलशर्ट होते. तो बांधावर उतरला.

"मावशी, हे शर्ट कुणाचे?"

बाया खुदकन हसल्या. "कुनाचे आसनार, दादा? मालकाचे!"

"लाँड्रीत तुम्ही स्वतःचं काय देता?"

"चांगलं लुगडं देतो की. घामाचं कसं द्यावं? काय इचारता राव!"

एक किडकिडीत बाई, पस्तिशीची असेल, विळा हातात घेऊन पुढे आली. "तुम्ही त्या नंबरवाल्यांतले का वो? आमच्या ह्यांचा नंबर लागलाय, पोटाचा. म्हैनाभरानं नाशकाला बोलावलंय. धडधाकट गडी, भाकरी मोडून चार खातो. आन् ह्ये काय झालं, दादा?" बोलताना तिचा डावा हात कमरेवर होता, पाठ दाबत.

जालिंदरने तोंड उघडलं. सांगितलं, तर ही नवऱ्याला सांगणार, नवरा मंडळात जाणार, चूक नोंदली जाणार, आणि बावीस तारीख जाणार. त्याने तोंड मिटलं. "होईल सगळं बरं," असं काहीतरी पुटपुटत तो व्हॅनमध्ये येऊन बसला. त्या बाईच्या डोळ्यांकडे त्याने बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

घरी त्याने कांचनला सगळं सांगितलं. लपवण्याइतकं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. आपल्याला काय झालंय ते तिने शांतपणे ऐकून घेतलं. सोमवार-मंगळवार आठवून जराशी हसलीसुद्धा. "म्हणजे देवानं ऐकलं म्हणायचं. तुम्हाला काही नाही." पण त्या बाईचं ऐकून ती उठून बसली.

"मग तिला सांगितलंत?"

"नाही."

"अहो, परत जा आणि सांगा!"

"सांगितलं तर तुझी तारीख जाते, कांचन. ऐक माझं. दवाखान्याच्या दारात माणूस बघत नाहीत, कपडा बघतात. माझा शर्ट घालून तू जायचं. दोरा माझा, घाम तुझा. सहा महिने पेटी ज्याला जालिंदर बोरुडे समजतेय, ती तूच आहेस."

कांचन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तशीच म्हणाली, "मला मरायचं नाही हो. खरंच नाही मरायचं. पण माझं पोट शिवून झालं, की त्याच दिवशी कळवायचं. घ्या शपथ." त्याने शपथ घेतली. तरीही पुढचे सात दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही, आणि ती बाई किती जणींच्या वतीने बोलली असेल याचा हिशोब करायचं तो टाळत राहिला.

एकवीस तारखेला दोघं नाशिकला गेली. कांचनच्या साडीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. दाराच्या कमानीने हवा ओढली, हिरवा दिवा लागला आणि आवाज आला, "क्रमांक ४११७-०९, आत या." इतकं सोपं निघालं, की जालिंदरला शिसारी आली. हे दार त्यानेच बांधलं होतं.

दारातून आत जाता आलं तरी शेवटी पोट माणसालाच कापायचं असतं. सर्जन डॉ. फरीदा मुजावर वॉर्डात आल्या. त्यांनी फाइल बघितली, कांचनकडे बघितलं, पुन्हा फाइल बघितली.

"पुरुष, वय चोपन्न," त्यांनी मोठ्याने वाचलं. "काका, बाहेर या जरा."

व्हरांड्यात जालिंदरने हात जोडले आणि शर्टापासून सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकता ऐकता भिंतीला टेकल्या. पस्तीस-छत्तीस वर्षांची मुलगी ती, पण चेहरा एकदम म्हातारा झाला.

"दोन महिन्यांत मी चार पुरुषांची पोटं उघडली," त्या म्हणाल्या. "आत काही नव्हतं. मी त्यांना म्हणाले, नशीबवान आहात. त्यातल्या एकाची बायको बाहेर बाकावर बसली होती. पिवळी पडली होती, काका. मला वाटलं, काळजीनं जेवत नसेल. मी तिला म्हटलं, आता खा पोटभर, नवरा वाचला."

"डॉक्टर, तुम्ही कळवणार?"

"कळवायलाच हवं. आत्ता, या मिनिटाला." त्यांचा फोन हातात होता. जालिंदर त्यांच्या पायांवर कोसळला. चोपन्न वर्षांचा माणूस, शाल-नारळवाला, व्हरांड्यातल्या पंचवीस माणसांदेखत. "एक दिवस द्या. फक्त उद्याचा. तिचं झालं की मी स्वतः कळवतो. योजना माझी, चूक माझी, पाप माझं. तुमच्याकडे काही येऊ देणार नाही."

डॉ. मुजावरांनी त्याला उठवलं नाही, झिडकारलंही नाही. फोन खिशात ठेवला. "रक्ताचे नमुने तिचे नव्याने घ्यायला सांगते," एवढंच बोलून त्या गेल्या.

बावीस तारखेला सकाळी आठ वाजता कांचनला आत नेलं. सहा तासांचं काम होतं. जालिंदरने फोनवर कळवायचा मजकूर तयार ठेवला होता, साडीवर शर्ट, देवळातली साडी, सगळं सविस्तर. खाली नाव, पत्ता. बोट ठेवलं की गेला. हॉलमध्ये पन्नासेक नातेवाईक होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उद्याचे, परवाचे क्रमांक सरकत होते आणि आपला आला की माणसं एकमेकांना दाखवत होती. जालिंदरने चहा घेतला. दोन वाजेपर्यंत कसं बसायचं याचा विचार करत होता.

आठ चाळीसला थिएटरचं दार उघडलं आणि डॉ. मुजावर बाहेर आल्या.

तो उभा राहिला. डॉक्टर बोलायच्या आधीच त्याला कळलं होतं. चाळीस मिनिटांत काही काढून होत नाही. चाळीस मिनिटांत फक्त उघडून बंद करता येतं.

"मागच्या मोठ्या शिरेला वेढा घातलाय, काका. यकृतावर बारीक दाणे आहेत, स्कॅनमध्ये दिसत नव्हते. हात लावला असता तर टेबलावरच गेल्या असत्या. मी शिवून घेतलं."

"जानेवारीत?" जालिंदरने विचारलं. "जानेवारीत माझ्याऐवजी तिला बोलावलं असतं तर?"

डॉक्टर खोटं बोलू शकल्या असत्या. "निघालं असतं," त्या म्हणाल्या.

त्याने फोन काढला आणि बोट ठेवलं. नऊ दिवस दाबून ठेवलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात नोंदली गेली. पडद्यावरचे क्रमांक आधी थबकले आणि मग खालून वर एकेक ओळ विझत गेली. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग ओरडा. "माझ्या भावाचा उद्याचा होता!" "काय झालं? अहो, कुणीतरी सांगा ना!" एक धट्टाकट्टा माणूस कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून गेला, तेव्हा जालिंदर मध्ये पडला.

"त्यांना काही बोलू नका. रांग मी थांबवलीय. मी जालिंदर बोरुडे."

त्या माणसाने त्याची गचांडी धरली. "माझ्या पोरीला हृदयाचं आहे, उद्या तारीख होती. का थांबवलीस? बोल, का?" जालिंदर सांगायचा प्रयत्न करत राहिला, बायका, शर्ट, पाठीत दुखणं. कुणाला काही कळत नव्हतं. कळण्यासारख्या मनःस्थितीत तिथे कुणीच नव्हतं. शेवटी कोपऱ्यातल्या एका बाईनेच "अगंबाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला आणि शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे बघितलं.

कांचन शुद्धीवर आली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. ओठ कोरडे पडले होते. त्याने ओला कापूस फिरवला.

"कळवलंत?"

"कळवलं. मघाशीच. बायांचे कपडे नव्याने तपासणार आहेत. त्या कांदेवाल्या बाईला गाठायला उद्या मी स्वतः जाणार आहे."

"आज जा."

"आज जातो."

तिने चादर बाजूला सारली. पोटावरची पट्टी हाताने चाचपली. लहानशी होती. इतकी लहान पट्टी बघून तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

"माझं निघालं ना हो सगळं?"

"निघालं," जालिंदर म्हणाला. "मुळापासून निघालं. डॉक्टर म्हणाल्या, आता नुसतं खायचं आणि पडून राहायचं."

"बरं झालं," कांचन म्हणाली. "मग निघा तुम्ही. ऊन उतरलं की बाया वावरातून घरी जातात."